म्हातारा बिफ कोणत्या २०१५ मध्ये परतला?

महोदय,

‘बॅक टू द फ्युचर’ या कालप्रवासावरील चित्रपटाला ४० वर्षे झाल्याच्या निमित्ताने आपल्या पुरवणीत प्रसिद्ध झालेला लेख वाचला. लेख आस्थेने लिहिलेला आहे. मात्र १९८९ साली आलेल्या दुसऱ्या भागाच्या कथानकात एक असे भगदाड आहे की जे कोणत्याही युक्तिवादाने बुजणार नाही, हा त्यातील निष्कर्ष मला मान्य होण्यासारखा नाही. ते बुजवण्याचे साहित्य पटकथेतच उपलब्ध आहे.

आक्षेपाचे स्वरूप असे. २०१५ सालातील म्हातारा बिफ टॅनन शास्त्रज्ञ डॉक ब्राउनची कालप्रवास करणारी डेलोरियन गाडी चोरतो, १२ नोव्हेंबर १९५५ या दिवशी पोहोचतो, १९५० ते २००० या काळातील क्रीडा सामन्यांचे निकाल छापलेली पुस्तिका तरुण वयातील स्वतःच्याच हाती देतो आणि कोणाला सुगावा लागण्याआधी गाडी परत आणून ठेवतो. पुढे डॉक आणि त्याचा तरुण मित्र मार्टी १९८५ मध्ये, म्हणजे आपल्या मूळ काळात, परततात तेव्हा गावाची पुरती रया गेलेली असते, बिफ पैजा जिंकून गब्बर झालेला असतो आणि मार्टीच्या वडिलांचा खून होऊन गेलेला असतो. तेथे डॉक फळ्यावर रेघ आखून समजावतो की, बिफला रोखण्यासाठी इथून २०१५ मध्ये जाण्यात अर्थ नाही, कारण आपण पोहोचू ते याच बिघडलेल्या जगाच्या भविष्यात. मग हाच नियम म्हाताऱ्या बिफला का लागू झाला नाही, १९५५ बदलून निघालेला हा गृहस्थ आपल्या जुन्या २०१५ मध्ये सुखरूप कसा उतरला, असा लेखकाचा प्रश्न आहे आणि तो रास्त आहे.

त्याचे उत्तर पहिल्या भागात आहे. ५ नोव्हेंबर १९५५ रोजी मार्टीच्या हस्तक्षेपामुळे त्याच्या आईवडिलांची गाठ पडायची राहते, परंतु तो त्याच क्षणी नाहीसा होत नाही. त्याच्याजवळच्या छायाचित्रातून आधी थोरला भाऊ पुसला जातो, मग बहीण, आणि स्वतः मार्टीचा हात विरू लागतो तो थेट १२ तारखेच्या रात्री, म्हणजे सात दिवसांनी. उलट, नृत्याच्या कार्यक्रमात आईवडिलांनी एकमेकांचे चुंबन घेताच तेच छायाचित्र निमिषार्धात पूर्ववत होते. याचा अर्थ असा की, या कथाविश्वात बदलाचा वेग एकसारखा नाही. घटना अनिश्चित असेपर्यंत परिणाम सावकाश सरकतो आणि ती पक्की झाली की झपाट्याने पोहोचतो. धरणातून आवर्तन सोडले म्हणून कालव्याच्या शेपटाकडच्या शेतात त्याच घटकेला पाणी येत नाही. मधली दारे कधी उघडतात यावर ते अवलंबून असते.

आता बिफकडे पाहू. तो पुस्तिका देतो त्या दिवशी काय निश्चित झालेले असते? जवळजवळ काहीच नाही. ज्या पोराच्या हाती ती पडली त्याचा तिच्यावर धड विश्वासही बसलेला नसतो, आणि चित्रपटातच दाखवल्याप्रमाणे त्याची पहिली मोठी कमाई १९५८ साली घोड्यांच्या शर्यतीवर होते. म्हातारा १९५५ मधून निघतो तेव्हा मधली सगळी दारे बंदच आहेत, त्यामुळे तो जुन्या २०१५ मध्ये पोहोचावा यात विसंगती नाही. डॉकचा फळ्यावरचा नियम मात्र अशा १९८५ मध्ये सांगितलेला आहे जिथे त्या बदलाला मुरायला ३० वर्षे मिळाली होती. दोन्ही प्रसंगांना एकच मोजपट्टी लावल्यामुळे भगदाड दिसते.

बदलाची ही लाट बिफपर्यंत पोहोचल्याची खूणही चित्रपटात आहे. गाडीतून उतरताना तो छाती धरून कळवळतो, त्याच्या काठीची मूठ मोडून गाडीतच राहते आणि तो धडपडत नजरेआड होतो. चित्रित झालेल्या प्रसंगात तो पुढे विरून नाहीसा होतो. तेवढा तुकडा अंतिम संकलनात गाळला गेला आणि नंतर डीव्हीडीसोबत पाहायला मिळाला. नव्या इतिहासातील बिफ २०१५ पर्यंत जगलेलाच नाही, एवढाच त्याचा अर्थ होऊ शकतो. मार्टीवर अशी वेळ येत नाही, कारण त्या इतिहासातही तो जन्मलेला आहे. त्याला पाहून बिफ, तू तर स्वित्झर्लंडमधल्या शाळेत असायला हवास, असे म्हणतो. तो तुकडा गाळणे ही माझ्या मते संकलनातील मोठी चूक होती. काही सेकंद वाचवण्याच्या नादात प्रेक्षकांच्या हातातील किल्लीच काढून घेतली गेली.

शेवटी १९५५ मध्ये जाऊन मार्टी ती पुस्तिका जाळताच त्याच्याजवळच्या वर्तमानपत्रातील वडिलांच्या खुनाची बातमी त्यांच्या सत्काराच्या बातमीत तत्काळ बदलते, ती संथ लाटेच्या विरोधात जात नाही का, असे कोणी विचारेल. जात नाही. जळालेली पुस्तिका पुन्हा वाचता येत नाही. तिथे अनिश्चित काहीच उरलेले नसते. बिघडलेल्या १९८५ मध्ये निजलेल्या जेनिफरभोवतीचे, म्हणजे मार्टीच्या प्रेयसीभोवतीचे, जग क्षणात मूळ रूपावर येईल, हे डॉकचे आश्वासनही याच कारणाने खरे ठरते.

लेखकाने ज्याकडे बोट दाखवायला हवे होते ती जागा निराळीच आहे. बिफला कोणताही दिवस निवडता आला असता. त्याने नेमका १२ नोव्हेंबर १९५५, घड्याळाच्या मनोऱ्यावर वीज पडली तोच दिवस का निवडला? डॉकलाही हा प्रश्न पडतो, परंतु या तारखेला विश्वाच्या दृष्टीने काही विशेष महत्त्व असावे किंवा हा निव्वळ योगायोग असावा, असे म्हणून तो विषय सोडून देतो. पहिल्या भागातील नृत्याचा प्रसंग दुसऱ्या बाजूने दाखवता यावा ही पटकथेची सोय होती, हे उघड आहे. कथेच्या आतले कारण मात्र मला अद्याप सापडलेले नाही. लेखकाला ते ठाऊक असल्यास त्यांनी जरूर लिहावे.

— एक वाचक, सांगली