पिंजऱ्याची किल्ली मुदतवाढीत

महोदय,

सीबीआयवर टीका करायची झाली की ‘पिंजऱ्यातला पोपट’ हटकून आठवतो. मे 2013 मध्ये कोळसा खाणवाटप प्रकरणात न्या. आर. एम. लोढा यांच्या पीठाने हे शब्द वापरले, तेव्हा विरोधी बाकांवरच्या मंडळींनी ते डोक्यावर घेतले. पुढे ती मंडळी सत्तेत गेली आणि तेव्हाचे सत्ताधारी हेच शब्द घोकू लागले. पोपट नेमका कोण, असा प्रश्न पडावा!

तेव्हा हस्तक्षेप निदान पकडता तरी आला. तपासाचा अहवाल न्यायालयात जाण्याआधी कायदामंत्री अश्वनीकुमार यांनी पाहिला होता, हे सीबीआय संचालकांच्या प्रतिज्ञापत्रातून उघड झाले आणि मंत्र्यांना घरी जावे लागले. आता अहवाल मागवण्याचा उपद्व्याप कुणी करावा कशाला? संचालकाने आपणहून सांभाळून राहावे, अशी तजवीज कायद्यातच झाली आहे.

जैन हवाला प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 1997 मध्ये संचालकाला किमान दोन वर्षांचा कार्यकाळ दिला. नकोसा तपास सुरू झाला की उचलबांगडी, हे थांबावे म्हणून. नोव्हेंबर 2021 मध्ये संसदेचे अधिवेशन तोंडावर असताना सरकारने वटहुकूम काढला. दोन वर्षांनंतर एकेक वर्ष करत एकूण पाच वर्षांपर्यंत मुदत वाढवता येईल, अशी ती तरतूद. डिसेंबरात तिचा कायदा झाला. सलग पाच वर्षे दिली असती, तर मीच स्वागत केले असते. पण मेख त्या ‘एकेक वर्षा’त आहे. कंत्राटी कामगार करार संपत आला की मुकादमाशी वाद घालत नाही, तशी देशाच्या प्रमुख तपास यंत्रणेच्या प्रमुखाची गत करून ठेवली आहे. मे 2025 मध्ये संचालक प्रवीण सूद यांना अशीच एक वर्षाची वाढ मिळाली. त्यांच्या सचोटीविषयी मला काही म्हणायचे नाही. खुर्चीत कुणीही असो, दर मे महिन्यात त्याने दिल्लीकडे डोळे लावून बसावे, ही रचनाच चुकीची आहे.

निवड समितीत पंतप्रधानांबरोबर विरोधी पक्षनेते आणि सरन्यायाधीश (किंवा त्यांनी नेमलेले न्यायमूर्ती) असतात, मुदतवाढही याच समितीच्या शिफारशीने होते, असे उत्तर मिळेल. खरे आहे. जुलै 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही दुरुस्ती वैधही ठरवली. पण त्याच निकालात ईडीचे संचालक संजयकुमार मिश्रा यांना दिलेल्या मुदतवाढी बेकायदा ठरल्या, आणि तरीही सरकारच्या विनंतीवरून ते 15 सप्टेंबरपर्यंत पदावर राहिले. समितीचे म्हणाल, तर तेव्हाचे सीबीआय संचालक आलोक वर्मा यांना ऑक्टोबर 2018 मध्ये मध्यरात्री सक्तीच्या रजेवर धाडताना ती कुणाला आठवली नव्हती. 8 जानेवारी 2019 रोजी न्यायालयाने त्यांना परत बसवले. दोनच दिवसांनी समितीने, तिच्यातले काँग्रेस नेते मल्लिकार्जुन खर्गे यांचा विरोध नोंदवून, वर्मांना हटवले.

राज्येही याच खेळात आहेत. महाराष्ट्राने ऑक्टोबर 2020 मध्ये सीबीआयला राज्यात तपास करण्यासाठी दिलेली सरसकट संमती काढून घेतली, ऑक्टोबर 2022 मध्ये ती पुन्हा दिली. मधल्या काळात कायदा बदलला नव्हता, सरकार बदलले होते.

सीबीआय आजही 1946 च्या दिल्ली विशेष पोलीस आस्थापना कायद्यावर आणि 1963 च्या एका सरकारी ठरावावर चालते. स्वतंत्र कायदा होईल तेव्हा होईल. तूर्त संचालकाला पाच वर्षांचा एकच, मुदतवाढ नसलेला कार्यकाळ द्यावा आणि निवृत्तीनंतर काही वर्षे कोणतेही सरकारी पद देऊ नये, एवढी दुरुस्ती एका अधिवेशनात होऊ शकते. आपल्या खासदारांपैकी कोण हे खासगी विधेयक मांडायला तयार आहे, हे आपल्या वार्ताहरांनी त्यांना एकेकट्याला गाठून विचारावे आणि उत्तरे नावानिशी छापावीत.

– एक नियमित वाचक