कल्हईशिवाय कढी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीतला पितळेच्या भांड्यांवरचा लेख वाचला. पातेले चिंच-मीठ लावून आतून-बाहेरून लख्ख घासा, त्यातच स्वयंपाक करा, आजीच्या काळातली माणसे म्हणूनच निरोगी होती, वगैरे. एवढ्या पाऊण पानात कल्हईचा 'क'सुद्धा नाही!

लेख आमच्या चिरंजीवांनीही वाचला. शोभेला ठेवलेले, ऑनलाइन मागवलेले पितळी पातेले उतरवले, घासले आणि संध्याकाळी त्यात कढी केली. मी देवळातून येईपर्यंत कढी कळकलेली. वर हिरवट झाक आणि तोंडात धरवणार नाही अशी चव. सगळी मोरीत ओतावी लागली, तीही व्याह्यांसमोर. व्याही भला माणूस, "आम्हाला नुसतं ताक चालेल" म्हणाले. विहीणबाई काहीच बोलल्या नाहीत, ते जास्त लागले.

ताक, चिंच, आमसूल असे काही आंबट पितळेला लागले की त्यातले तांबे अन्नात उतरते. मळमळ, उलट्या त्यानेच होतात. म्हणून आतून कथलाचा थर. आमच्या माहेरी दिवाळीआधी कल्हईवाला बोळाच्या तोंडाशी भाता लावायचा. पातेले तापवून आत नवसागर टाकला की पांढरा धूर थेट नाकात जायचा. मग कथील टेकवून कापसाच्या बोळ्याने असे फिरवायचा, की बघता बघता आतून चांदी! आई आत बोट फिरवून, कुठे पितळ उघडे राहिले नाही ना, हे पाहूनच पैसे काढायची. आणि तो थर चिंचेने खसाखसा घासायची आम्हा मुलींची बिशाद नव्हती. चिंच फक्त बाहेरून.

तुमच्या आजीबाईंच्या घरी कल्हई कोण करत होते, हे लेखिकाबाईंनी जरूर कळवावे. जमल्यास आजच्या एखाद्या कल्हईवाल्याचा पत्ताही छापावा, मिरजेत मला तरी सापडलेला नाही. खुलासा मात्र लेखाएवढ्याच टायपात हवा. तळाशी मुंगीएवढ्या अक्षरात नको.

आपली,
एक जुनी वाचक, मिरज

ता. क. : त्याच पानावर 'भजी वर्तमानपत्रावर काढावीत, तेल टिपले जाते' हेही छापले आहे. छपाईच्या शाईमुळे असे करू नका, हे अन्नसुरक्षा प्राधिकरणाने 2016 मध्येच सांगितले होते. ती बातमी तुम्ही छापली नव्हती काय? की तो अंकही कोणाच्या भज्यांखाली गेला?