खाडीत जाणाऱ्या बाईला 'गृहिणी' लिहू नका: नगरविकास मंत्र्यांना खुलं पत्र

मा. नगरविकास मंत्री, महाराष्ट्र राज्य
साहेब, नमस्कार.

मी नवी मुंबईतल्या एका कोळीवाड्यातली. समाजशास्त्रात एमए केलंय, नोकरी करते आणि सुट्टीच्या दिवशी गावातल्या बायकांसोबत बसून गावाची माहिती लिहून काढते. मागच्या वर्षी आमच्याकडे एका एजन्सीची सर्व्हेवाली मुलं आली, हातात टॅब, पोरं चांगली होती, त्यांच्यावर माझा राग नाही, पण आली कधी, तर षष्ठीला सकाळी साडेदहाला. आमच्याकडे शाळकरी पोरालाही हिशोब येतो, तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ, म्हणजे षष्ठीला साडेचार, आणि साधारण सहा तास आधी ओहोटी. म्हणजे नेमकं साडेदहाला आमच्या बायका गुडघाभर चिखलात खुबे, शिंपल्या, चिंबोऱ्या काढत होत्या. घरी होते आजोबा. सून काय करते विचारलं तर म्हणाले, घरीच असते. टॅबवर बटण दाबलं गेलं, गृहिणी. माझी काकी ३० वर्षं खाडीत जातेय साहेब, तिच्या कमाईवर माझ्या दोन्ही चुलत भावांची शिक्षणं झाली.

एका शब्दाने काय बिघडतं असं वाटेल, पण २०१३ च्या भूसंपादन कायद्यात बाधित कुटुंबाच्या व्याख्येत पाण्यावर पोट असलेले मच्छीमारही येतात, आणि ठाणे खाडी पूल क्रमांक ३ च्या केसमध्ये २०२१ साली मुंबई उच्च न्यायालयाने मच्छीमारांच्या नुकसानभरपाईचा मुद्दा उचलून धरला. आता भरपाई वाटायची वेळ आली की यादी लागणार, आणि यादी बनणार अशाच सर्व्हेतून. १९८४ ला भूसंपादनाविरुद्धच्या आंदोलनात जासई-नवघरला पोलिसांच्या गोळीबारात ५ जणांचे जीव गेले तेव्हा कुठे साडेबारा टक्क्यांची योजना आली, म्हणजे घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित जमीन परत, पण ती सुद्धा ज्याच्या नावावर सातबारा त्याला. खाडीला सातबारा नसतो. आणि बाईच्या नावावर तर तो तेव्हाही क्वचितच असायचा.

म्हणून आम्ही स्वतःच करून बघितलं. देवळासमोरच्या अंगणात बायकांनी रांगोळीने खाडी काढली, कुठली जागा कुणाची, कुठे पूर्वी कालवं मिळायची आणि आता नुसता प्लास्टिकचा थर, कुठून उतरायचं, कुठे पाय रुततो. गावाचा नकाशा गावाने जमिनीवर काढायचा ही पद्धत नवीन नाही, रॉबर्ट चेंबर्स वगैरे ब्रिटिश अभ्यासकांनी १९८० नंतर ती जगभर नेली. मग मी काकीच्या मागे चिखलात चालत चालत बोलले, कारण घरात खुर्चीवर बसवून विचारलं की ती "काय सांगू गं" म्हणून गप्प होते आणि खाडीत मात्र प्रत्येक पावलाला तिला काहीतरी आठवतं. मग मोबाईल बायकांच्या हातात दिले, तुम्हाला जे दाखवायचंय त्याचे फोटो काढा म्हटलं. कॅरोलिन वांग आणि मेरी अॅन बुरिस यांनी १९९० च्या दशकात चीनच्या युनान प्रांतात खेड्यातल्या बायकांना कॅमेरे देऊन हेच केलं होतं, त्याला फोटोव्हॉइस म्हणतात. मला वाटलेलं सगळ्या मासळीचे फोटो काढतील. एका काकीने फक्त स्वतःच्या तळपायाचे काढले. काचेने, शिंपांनी कापलेले. कुठल्या फॉर्ममध्ये हा प्रश्न होता सांगा?

एक गोष्ट मुद्दाम सांगते. नकाशात एक कोपरा रिकामा आहे. तिथे अजून चांगल्या शिंपल्या मिळतात आणि बायका म्हणाल्या, ही जागा कागदावर नको, उद्या बाहेरचे येऊन खरवडून नेतील. आम्ही ती सोडली. लोकांना सोबत घेऊन अभ्यास करायचा म्हणजे त्यांच्या 'नाही'लाही मान द्यायचा, हे मला कॉलेजात वाचून कळलं नव्हतं, इथे कळलं.

अधिकारी म्हणतात, ह्या नुसत्या कहाण्या झाल्या, आकडे कुठेत? आकडेही लोक देतात साहेब. १९८५ साली भायखळ्याला स्पार्क संस्थेने फुटपाथवरच्या लोकांनाच सोबत घेऊन त्यांची मोजणी केली, सहा हजारांच्या आसपास कुटुंबं. आणि १९७० च्या दशकात पालघरला जमिनीच्या हक्कासाठी लढणाऱ्या भूमी सेना या संघटनेच्या आदिवासींसोबत संशोधक असेच बसले होते, तेव्हा पालघर आपल्या ठाणे जिल्ह्यातच होतं. म्हणजे ही आपल्याच मातीतली गोष्ट आहे, बाहेरून आणायची गरज नाही.

उलट आत्ता जे चालतं ते बघा. हॉलमध्ये मीटिंग, स्क्रीनवर प्रेझेंटेशन, शेवटी चहा आणि हजेरीच्या कागदावर सही, आणि तीच सही पुढे 'लोकसहभाग' म्हणून रिपोर्टला जोडली जाते. शेरी अर्नस्टाइन यांनी १९६९ मध्ये लोकसहभागाची ८ पायऱ्यांची शिडी मांडली होती, त्यात नुसती माहिती देणं ही खालून तिसरी पायरी. आम्ही अजून तिथेच उभे आहोत.

मागणी मोठी नाही. खाडीकाठच्या प्रोजेक्टचा किंवा कोळीवाड्यातल्या क्लस्टर पुनर्विकासाचा सर्व्हे करताना वेळ गावाला विचारून ठरवा, बाईची माहिती बाईकडूनच घ्या, आणि तिच्या कामासाठी फॉर्ममध्ये वेगळा रकाना ठेवा. गावातल्या पोरींना ट्रेनिंग द्या आणि त्यांना दिवसाचे पैसे द्या, बाहेरच्या एजन्सीला देताच ना. नकाशाची मूळ प्रत गावाकडे राहू दे. आणि रिपोर्ट फायनल व्हायच्या आधी तो मराठीत, देवळासमोर, मोठ्याने वाचून दाखवा, चुकलं असेल तर बायका तिथल्या तिथे सांगतील.

तुम्हाला जमलं नाही तर एखाद्या अधिकाऱ्याला पाठवा. येत्या षष्ठीला, सकाळी साडेदहाला. घरी आजोबा असतील, ते चहा देतील. पण काकीला भेटायचं तर बूट काढून खाली उतरावं लागेल, मी सोबत येईन.

आपली,
कोळीवाड्यातली एक मुलगी