डायल नंतर निवडा, आधी टाकीतले युनिट मोजा

महोदय,

गाडीला बाहेरून घेतलेले मीटर (पेट्रोलचे, मिश्रणाचे, दाबाचे) बसवण्याविषयी आपल्या पुरवणीत आलेला लेख मी दोनदा वाचला. डायल ५२ मिलिमीटरची घ्यावी की मोठी, रात्री पांढरा उजेड बरा की तांबूस, काटा पाव वर्तुळात फिरणारा हवा की पाऊण, यावर निम्मा लेख खर्ची पडला आहे. टाकीतल्या युनिटच्या, म्हणजे पेट्रोल किती आहे ते मीटरला कळवणाऱ्या भागाच्या, वाट्याला मात्र एकच वाक्य आले : ते मीटरशी जुळते का, हे पाहून घ्यावे. पण कसे पाहायचे? शाळेच्या प्रयोगशाळेत मी तीस वर्षे मुलांना गॅल्व्हॅनोमीटरचे काटे वाचायला शिकवले, आणि तरीही माझी फसगत नेमकी इथेच झाली. म्हणून हे पत्र.

माझी गाडी जुनी, कार्बोरेटरची. पेट्रोलचा मूळचा काटा मेला तेव्हा मी दिसायला देखणे मीटर आणले, तारा जोडल्या आणि टाकी काठोकाठ भरली. काटा रिकाम्याच्या खुणेजवळ जाऊन बसला. पुढचे चार दिवस जसजसे पेट्रोल संपत गेले तसतसा तो दिमाखात वर चढत गेला! मी प्रत्येक जोड उकलून पुन्हा घट्ट केला. दोष जोडात नव्हताच.

टाकीतले युनिट म्हणजे पेट्रोलवर तरंगणाऱ्या फ्लोटच्या दांडीला जोडलेला एक बदलता रोध, बाकी काही नाही. पण रिकाम्या टाकीला किती ओहम (रोधाचे माप) आणि भरलेल्या टाकीला किती, यावर जगातल्या गाड्या बनवणाऱ्यांचे कधीच एकमत झाले नाही. अमेरिकी बाजारातल्या पुष्कळ मीटरांना रिकामी टाकी म्हणजे २४० ओहम आणि भरलेली म्हणजे ३३ ओहम लागतात. जनरल मोटर्सच्या जुन्या गाड्यांत ० ते ९०. फोर्डच्या जुन्या गाड्यांत ७३ पासून खाली १० पर्यंत. युरोपी पद्धतीच्या अनेक युनिटांत १० पासून वर १८०. माझे मीटर पहिल्या जातीचे होते आणि युनिट शेवटच्या. दोघे आपापल्या जागी खरे बोलत होते, फक्त एकमेकांच्या उलट.

तेव्हा मीटर विकत घेण्याआधी मल्टिमीटर हातात घ्या. बॅटरीची तार काढा, युनिटवर येणारी तार सोडवा (ती तशीच राहिली तर मीटरचा रोधही मोजमापात मिसळतो), एक टोक युनिटच्या खिळीला आणि दुसरे युनिटच्या अर्थिंगला लावा, आणि आकडा लिहून ठेवा. एकदा टाकी रिकामी असताना, एकदा भरलेली असताना. हे काम उघड्यावर करावे, आसपास विडी-काडी नको. युनिटला थेट बारा व्होल्ट देऊन 'चालतंय का बघू' म्हणणारेही मी पाहिलेत. त्यानंतर ते चालत नाही.

मी शेवटी आकडे शिकवता येतात, म्हणजे किती ओहमला किती पेट्रोल दाखवायचे ते ठरवून देता येते, असे मीटर घेतले. टाकी पूर्ण उपसली, पाच-पाच लिटर ओतत गेले आणि दर वेळी ओहम टिपले. आलेख कागदावर काढला तर सरळ रेषा येईना, मध्येच पोट सुटलेली आली. टाकी खाली निमुळती आणि वर रुंद असेल तर असेच होणार. मूळच्या मीटरचा काटा निम्म्यावर असताना मला पेट्रोल कायम निम्म्याहून कमी का मिळायचे, याचा उलगडा इतक्या वर्षांनी झाला.

एवढे करूनही एकदा रस्त्यात थांबले. काटा पाव टाकी दाखवत होता आणि टाकी कोरडी ठणठणीत होती. टाकीखालच्या पट्ट्यांना रबर असते आणि वरून मी हौसेने नवा रंग दिलेला. बॉडीशी टाकीचे अर्थिंग नीट लागतच नव्हते. माझ्या युनिटमध्ये पेट्रोल वाढले की रोध वाढतो, त्यामुळे खराब अर्थिंगचा जादा रोध मीटरला जादा पेट्रोलच वाटला. २४० ते ३३ च्या जातीत याच दोषाने पेट्रोल कमी दिसले असते, म्हणजे चूक निदान सुरक्षित बाजूला पडली असती. युनिटपासून चॅसीपर्यंत स्वतंत्र तार ओढली, रंग खरवडून बोल्ट आवळला, आणि तो प्रश्न मिटला.

आता हवा आणि पेट्रोलच्या मिश्रणाचा मीटर. लेखात त्याचे दोन प्रकार, नॅरोबँड आणि वाइडबँड, एकाच वाक्यात उरकले आहेत, आणि तिथे माझा जीव सर्वांत जास्त तळमळला. माझ्या भाच्याने त्याच्या इंजेक्शनच्या गाडीत रंगीत दिव्यांची पट्टी असलेला स्वस्तातला प्रकार बसवला. दिवे हिरव्यातून लाल, लालमधून हिरवे असे अखंड नाचतात. 'मावशी, इंजिन ट्यूनिंगमध्ये नाही,' म्हणून तो काळजीत. वास्तविक ते उत्तम होते. सायलेन्सरच्या पाइपातला ऑक्सिजन ओळखणारा नॅरोबँड सेन्सर मिश्रण पातळ (हवा जास्त) असताना साधारण ०.१ व्होल्ट देतो, जाड (पेट्रोल जास्त) असताना ०.९, आणि ०.४५ च्या आसपास एकदम उडी मारतो. गाडीचा संगणक मुद्दाम या उडीच्या दोन्ही बाजूंना येरझाऱ्या घालतो. पाय पूर्ण दाबला की पट्टी 'जाड' म्हणून थांबते, पण किती जाड, एक भाग पेट्रोलला वजनाने तेरा भाग हवा की अकरा, हे तिला सांगता येत नाही. हा सेन्सर १९७६ साली बॉशने आणला तो मुळात धुरातले विष आवरण्यासाठी. त्याला आकडे विचारणे म्हणजे दिव्याच्या बटणाला व्होल्टेज विचारणे.

आकडा हवा असेल तर वाइडबँड सेन्सर आणि त्याचा कंट्रोलर घ्यावा लागतो. मी कार्बोरेटरचे जेट (पेट्रोल सोडणाऱ्या बारीक भोकाच्या तोट्या) बदलण्यासाठी तोच घेतला. तो बसवताना एका मेकॅनिकने तार बोनेटच्या आतल्या भिंतीतून ओवता येईना म्हणून सेन्सरचा प्लग कापला आणि तारा नुसत्या पिळून जोडल्या. त्या प्लगमध्ये त्या एका सेन्सरपुरता जुळवलेला बारीक रोध बसवलेला असतो. प्लग गेला की सेन्सरची ओळखच गेली. मला दुसरा आणावा लागला. भोक मोठे करावे, प्लग कापू नये.

जागाही बघून घ्यावी. सायलेन्सरच्या पाइपला १८ मिलिमीटरच्या आट्यांची चकती वेल्ड करतात. ती धूर शुद्ध करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच्या आधी हवी, आणि सेन्सर आडव्यापेक्षा निदान दहा अंश वर तिरका हवा, म्हणजे पाइपात साचणारे पाणी तापलेल्या सिरॅमिकवर येत नाही. त्याच्या आधी कुठे जोड फुटका असेल तर बाहेरची हवा आत ओढली जाते आणि मीटर उगाच पातळ दाखवतो. हीटर चांगलाच करंट खातो, त्याला दिव्यांचे अर्थिंग वाटून देऊ नये. आणि सेन्सर पाइपात ठेवून त्याची वीज बंद करून गाडी चालवू नये, काजळीने तो मरतो.

या मीटरने मला एकदा चांगलेच फसवले. आकडा अचानक सतरावर गेला. मिश्रण पातळ झाले म्हणून मी मोठा जेट काढूनही ठेवला होता. मग इंजिनाचा आवाज नीट ऐकला, तर एक सिलिंडर ठिणगीच घेत नव्हता. सेन्सरला पेट्रोल दिसत नाही, त्याला फक्त ऑक्सिजन कळतो. न पेटलेल्या सिलिंडरचे पेट्रोल आणि हवा दोन्ही तशीच बाहेर पडत होती, आणि तो बिचारा त्यातला ऑक्सिजन मोजून 'पातळ, पातळ' म्हणत होता. स्पार्क प्लगची वायर बदलली, आकडा चौदाच्या आसपास परतला, जेट डबीत गेला.

लेखातला '१४.७ हे आदर्श' हा दावाही अर्धाच. तो शुद्ध पेट्रोलचा, वजनाने हवेचा हिशेब. पेट्रोलमध्ये दहा टक्के इथेनॉल असेल तर तोच समतोल १४.१ च्या आसपास येतो, नुसत्या इथेनॉलला नऊवर. सेन्सर मोजतो ते लॅम्डा, म्हणजे हवा समतोलाच्या किती पट आहे ते. मीटर त्याला १४.७ ने गुणून आकडा दाखवतो, टाकीत काहीही असो. म्हणून मी मीटर लॅम्डावरच ठेवते. समतोलाला १, जोर लावताना ०.८५ ते ०.९.

शेवटी एक दुरुस्ती आपण छापाल अशी विनंती आहे. पेट्रोलच्या दाबाचा मीटर 'लवचिक नळीने डॅशबोर्डवर आणता येतो', असे लेखात म्हटले आहे. म्हणजे पेट्रोलने भरलेली नळी माणसांच्या गुडघ्यांशी. इंजेक्शनच्या गाडीत तर तिच्यात तीन बारच्या आसपास दाब असतो. नळी सुटली तर फवारा थेट अंगावर आणि स्विचवर. दाबाचा सेन्सर बोनेटखालीच ठेवून आत फक्त तार आणतात, किंवा नळीचा मीटर बोनेटखालीच राहू देतात आणि झाकण उघडून वाचतात. ते एक वाक्य तरी पुढच्या अंकात बदलावे.

आपली,
एक निवृत्त विज्ञान शिक्षिका