सहावं काडतूस

प्रिय बाळ्या,

आठ महिने एक ओळ नाही आणि आता पहाटे साडेचारला पत्र. शिव्या भेटल्यावर घाल. तब्येत ठीक, पाठ आहे तशीच.

काल रात्री रिव्हॉल्व्हरचा क्लोजअप होता. नळी थेट लेन्सवर रोखलेली. समोरून चेंबरमधल्या गोळ्या दिसतात, म्हणून डमी भरलेल्या. तीन कॅमेरे, क्रेन, पावसाचे टँकर, दीडशे माणसं आणि उजाडायला जेमतेम तास. आर्मररने, सेटवरची हत्यारं सांभाळणाऱ्याने, गन दिली. मी 'कोल्ड गन', म्हणजे आत जिवंत गोळी नाही, असं ओरडलो आणि ती नटाच्या हातात ठेवली. उघडून बघितली नाही रे.

शॉट ओके झाला. मग आर्मरर एकेक काडतूस काढून कानाशी हलवायला लागला. डमीत दारू नसते, छर्रा असतो, तो खुळखुळतो. पाच खुळखुळली. सहावं गप्प. त्याने ते टॉर्चखाली फिरवलं, कडेला भोक पाडलेलं दिसलं. म्हणजे तेही डमीच, दुसऱ्या प्रकारचं. तो पेटी बंद करून गेला. मी जनरेटरमागे जाऊन बसलो, पाय उभं राहू देईनात. सहावं काय आहे हे मला माहीत नव्हतं, तरी मी ओरडलो होतो.

२०२१ मध्ये 'रस्ट' सिनेमाच्या सेटवर 'कोल्ड गन' म्हणणारा आपल्यासारखाच असिस्टंट डायरेक्टर होता. गोळी खरी निघाली. सिनेमॅटोग्राफर हॅलिना हचिन्स गेली, अवघी ४२ वर्षांची. नीट तपासलं नाही, हे त्याने पुढे कोर्टात कबूल केलं. आणि १९९३ मध्ये सेटवर गेलेला नट ब्रँडन ली: आधीच्या डमीची गोळी नळीत अडकून राहिली आणि नंतरच्या ब्लँकने, गोळीविना नुसत्या दारूच्या काडतुसाने, ती बाहेर ढकलली. हे तूच मला एका शूटिंगला पेनच्या नळीत कागदाचा बोळा कोंबून, फुंकर मारून दाखवलं होतंस. बोळा दादांच्या टकलावर बसला होता, आठवतंय?

त्याच शूटिंगला तू चेंबर उघडून, टॉर्च मागवून शॉट अडवलास आणि मी सगळ्यांसमोर तुला भित्रट म्हणालो. डबिंग संपेपर्यंत तू बोलला नाहीस. मी माफी कधी मागितलीच नाही. चुकलो, बाळ्या.

नवी नोकरी कशी आहे? आईच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं का? नीट लिही.

आज रात्री गच्चीवरचा सीन आहे, गन तीच. त्या पोराने माझ्या एका शब्दावर ती हातात घेतली होती. कालचं त्याला सांगायचंय, पण एकट्याला सांगू की सगळ्या युनिटसमोर? सहाच्या आत फोन कर.

तुझाच,
पक्या