सुन्या, रोजची ती गोळी घेण्याआधी हे वाच

वडगाव, बेळगाव

प्रिय सुन्या,

काल तुझा फोन ठेवला आणि रात्रभर तेच डोक्यात फिरत होतं. "सायनस परत उठलंय, रोज सकाळी एक डोकेदुखीची गोळी टाकतो आणि वखारीत जाऊन बसतो" असं तू सहज बोलून गेलास, मला मात्र ते सहज वाटलं नाही बघ. तुझ्या मागं हमालांचा गलका चालला होता, नीट बोलताच आलं नाही, म्हणून आता निवांत बसून टाइप करालोय.

मी पण सहा वर्षं हेच केलं. जून लागला, इथली ती बारीक भुरभूर आणि गार वारं सुरू झालं की भुवईवर आणि डोळ्याच्या मागं ठणका, नाक गच्च, डोळ्यातनं पाणी. घरात सगळे म्हणायचे सायनस, मेडिकलवाला पण सायनसच म्हणायचा, आणि ज्या डॉक्टरांकडं जायचो ते नीट न तपासताच अँटिबायोटिकचा पाच दिवसांचा कोर्स लिहून द्यायचे, वर्षात चार चार वेळा. दोन दिवसात दुखणं थांबायचं आणि मला वाटायचं गोळीनं थांबलं, पण ते तसंही थांबणारच होतं रे.

गेल्या पावसाळ्यात तुझ्या वहिनीनं हट्टच धरला आणि दुसऱ्या ईएनटीकडं, म्हणजे कान-नाक-घशाच्या डॉक्टरकडं घेऊन गेली. त्या बाईंनी औषध लिहायच्या आधी नुसते प्रश्नच विचारले. दुखताना उजेड सहन होतो का, मळमळतं का, जिना चढलं की ठणका वाढतो का, एकाच बाजूला जास्त असतं का, नाकातनं पिवळा-हिरवा घट्ट शेंबूड येतो का, वास यायचा बंद होतो का. उजेड सहन व्हायचा नाही, बाकी तिन्हीला हो म्हटलं, शेंबूड आणि वासाचं मात्र नाही. मग दुखत असतानाच सीटी स्कॅन काढायला लावला, तर सायनस एकदम स्वच्छ! मायग्रेन, म्हणजे अर्धशिशी निघाली. मला पटेचना, मग नाक का चोंदतं? तर म्हणे चेहऱ्याची संवेदना नेणारी ट्रायजेमिनल नावाची नस असते, मायग्रेनमध्ये ती चाळवली की नाकाडोळ्यालाही पाणी सुटतं. अमेरिकेत २००४ साली एक अभ्यास छापून आलाय, सायनसची डोकेदुखी आहे म्हणणाऱ्या २,९९१ लोकांना तपासलं तर ८८ टक्के मायग्रेनच्याच लक्षणात बसले. हे वाचून मला ती सहा वर्षं आठवली आणि खरंच वाईट वाटलं.

तुझं पण मायग्रेनच आहे असं मी म्हणत नाही हं. खरं सायनस पण असतंच. कपाळात, गालात, दोन डोळ्यांच्या मध्ये आणि पार मागं खोल अशा चार जोड्या पोकळ्या, त्यांची बारीक तोंडं नाकात उघडतात, सर्दीनं अस्तर सुजलं की तोंड बंद आणि आतला चिकटा आतच. गालातल्या पोकळीचं तोंड तर वरच्या अंगाला, म्हणजे निचरा व्हायलाच अवघड. त्यात तू दिवसभर तंबाखूच्या खकाण्यात, मास्क लावतोस का तरी? पण सर्दीमागचं सायनस बहुतेक व्हायरसचं असतं, सात-दहा दिवसात आपलं आपण उतरतं. दहा दिवसांवर गेलं, किंवा बरं वाटून परत ताप आणि दुखणं वाढलं, तर अँटिबायोटिकचा विचार.

नाक धुवायला सुरू कर, मला त्यानं खरंच मोकळं वाटतं. पेलाभर पाण्याला अर्धा छोटा चमचा आयोडीन नसलेलं मीठ आणि चिमूटभर खायचा सोडा. पाणी मात्र उकळून गार केलेलंच घे, नळाचं किंवा विहिरीचं थेट नको, त्यातनं मेंदूत जाणारा अमिबा क्वचितच जातो, पण गेला तर माणूस वाचणं अवघड. वाफेनं तेवढ्यापुरतं बरं वाटतं, पातेलं पोरांपासनं लांब ठेव. आणि ते चोंदलेलं नाक मोकळं करायचे औषधी ड्रॉप तीन, फार तर पाच दिवस, जास्त झाले की त्यांच्यामुळंच नाक बंद व्हायला लागतं, मी महिनाभर टाकून भोगलंय.

आता तुझी ती गोळी. साधी पॅरासिटामॉल महिन्यात पंधरा दिवस आणि मिक्स गोळी, म्हणजे एकीत दोन-तीन औषधं असलेली, दहा दिवस, असं तीन महिन्यांवर चाललं तर गोळीनंच डोकं दुखायला लागतं. तू तर रोज घेतोस! कधी दुखलं, काय घेतलं, काय काय झालं हे कॅलेंडरवर लिहून ठेव, डॉक्टरला तेच लागतं. आणि तुला शुगर आहे, म्हणून डोळ्याभोवती सूज आली, एकाचे दोन दिसायला लागले, मान ताठली किंवा नाकातनं काळपट काही आलं तर सकाळची वाट बघत बसू नकोस, २०२१ मध्ये शुगरवाल्यांचं म्युकरनं, म्हणजे त्या काळ्या बुरशीनं काय झालं ते आपण दोघांनी बघितलंय.

सोमवारी रजा टाक आणि ये. मी त्याच बाईंकडं नंबर लावून ठेवतो आणि स्टँडवर गाडी घेऊन थांबतो. गोळ्यांची पाकिटं सगळी पिशवीत घालून आण, रिकामी पण.

तुझा,
बाळू