जीन्स घाला आणि काकडत या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या पुरवणीतला पावसाळी भटकंतीवरचा लेख वाचला. छानच आहे. मातीचा वास आहे, पानांवर मोती आहेत, धुकं तर दर परिच्छेदात आहे. शेवटी चौकटीत सल्ला: जीन्स, सुती टी-शर्ट आणि हातात छत्री. चौकट लिहिणाऱ्याने पाऊस खिडकीतूनच पाहिला असावा, अशी माझी नम्र शंका आहे.

हा वेश मी एकदा करून पाहिलाय. चारेक तासांची रानवाट, थंडी म्हणावी अशी नव्हतीच. चालत होतो तोवर मजेत होतो. जीन्स मांड्यांना चिकटून गुडघा उचलताना ओढ बसायची, एवढंच. मग ओढा आडवा आला. पाणी गुडघ्याच्या वर, गढूळ, तळ दिसेना. उतरायची वाट बघत काठावर बसलो. (हे शहाणपण मित्राचं. मी पाय घालायच्या बेतात होतो.) वारा सुटला आणि वीस मिनिटांत माझे दात वाजायला लागले. बुटाची नाडी सुटली होती, ती बांधता येईना. बोटं माझीच, पण ऐकेनात. शेवटी मित्राने बालवाडीतल्या पोराची बांधावी तशी ती बांधली आणि स्वतःचा लोकरी स्वेटर माझ्या अंगात चढवला. तोही दमटच होता, तरी ऊब आली. सुती कापड पाणी धरून बसतं आणि पाणी हवेच्या सुमारे २५ पट वेगाने अंगातली ऊब पळवतं. लोकर ओली झाली तरी थोडी हवा राखून असते. शरीराचं तापमान ३५ अंशांखाली उतरलं की डॉक्टर त्याला हायपोथर्मिया म्हणतात, आणि त्याला बर्फच लागतो असं नाही. ओले कपडे आणि वारा पुरतात.

छत्रीबद्दल काय बोलावं! निसरड्या उतारावर दोन्ही हात मोकळे हवेत. तिथे एक हात छत्रीला, दुसरा आपल्या लेखातल्याप्रमाणे 'थेंब झेलायला'. मग घसरल्यावर टेकायचं काय?

जाऊच नका, असं मी म्हणत नाही. आज सकाळीच तीन तास भिजून आलो. फक्त घरी आल्यावर एक नवीनच पंचाईत झाली. ओले बूट शेगडीपाशी ठेवले तर चामडं तडकतं, तळव्याचा गोंद सुटतो. म्हणून मी आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबतो आणि दर तासा-दोन तासांनी बदलतो. पण आपण पुरवणीचा कागद गुळगुळीत केल्यापासून तो पाणीच पीत नाही! कालचा लेख डाव्या बुटात तासभर होता, जसाच्या तसा बाहेर आला. उजव्यात अग्रलेख घातला होता, तो मात्र चिंब झाला. कृपया पुरवणीही त्याच कागदावर छापावी.

आपला,
एक जुना वर्गणीदार